एकबारी रायफल: काडतुसाची निवड आणि घरची भरणी

एकबारी रायफलीत मॅगझिन नसतं आणि बहुधा बोल्टही नसतो. काडतूस अंगठ्याने चेंबरात (नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत) सरकवायचं, ब्रीच (नळीचं मागचं तोंड) बंद करायची, एकच बार काढायचा. बोल्ट रायफलीत काडतूस थोडं घट्ट असलं तरी हँडल खाली दाबताना बोल्टचा उतार त्याला रेटून आत बसवतो, आणि बारानंतर तोच उतार चिकटलेली पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) सैल करून मागे ओढतो. एकबारीत हा जोर जवळजवळ नसतो. काडतूस आत जाताना अंगठ्याचं बळ, बाहेर येताना पुंगळी ओढणाऱ्या छोट्याशा एक्स्ट्रॅक्टरचं बळ, एवढंच. म्हणून इथे कॅलिबर निवडताना आणि काडतूस घरी भरताना, म्हणजे झाडलेल्या पुंगळीत नवा प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), पावडर आणि गोळी बसवताना, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा: ही पुंगळी या रायफलीच्या चेंबरात सहज बसेल का, आणि बारानंतर सहज निघेल का?

त्याआधी कायदा. पुढचं सगळं अमेरिकेतल्या वाचकांसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली विनापरवाना दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे महाराष्ट्रात याचा प्रयोग करू नये. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघीय परवाना लागत नाही. भरलेली काडतुसं विकायची असतील तर लागतो. शिकारीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. न्यू जर्सीत हरणासाठी सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी प्रायमर असलेल्या काडतुसाची) रायफल चालत नाही, शॉटगन किंवा ठासणीची बंदूक लागते. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात रायफल चालते. ओहायोत रायफलीत फक्त सरळ भिंतीच्या, म्हणजे मानेशी निमुळती न होणाऱ्या, पुंगळीची काडतुसं चालतात. कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणासाठी किमान .२४ कॅलिबर आणि ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळी-पावडर तोलायचं बारीक माप) गोळी, शिवाय १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. रायफल घेण्याआधी त्या वर्षाची नियमावली वाचा, कारण हे नियम बदलत राहतात.

आधी ॲक्शन, मग कॅलिबर

ॲक्शन म्हणजे ब्रीच उघडायची-मिटायची यंत्रणा. बाजारात दोन प्रकारच्या एकबारी जास्त दिसतात. एक फॉलिंग ब्लॉक: लिव्हर खाली ओढला की पोलादी ठोकळा खाली सरकतो आणि चेंबर उघडं पडतं. रुगर नंबर वन आणि ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टर १८८५ हाय वॉल या घराण्यातल्या. नंबर वनची ॲक्शन फार मजबूत आहे, .३७५ एच अँड एचसारखी काडतुसंही तिच्यात आरामात चालतात. दुसरा प्रकार मधून मोडणारी, म्हणजे ब्रेक ॲक्शन: हेन्री सिंगल शॉट, सीव्हीए स्काउट, थॉम्पसन सेंटर एनकोर, जुन्या बाजारात एच अँड आर हँडी रायफल. बारात ही ॲक्शन किंचित ताणली जाते, म्हणून इथे जास्तीत जास्त दाबाच्या भरणीचा हव्यास धरू नये. एनकोरचा धाकटा भाऊ काँटेंडर दिसायला तसाच आहे, पण .३०८ किंवा .३०-०६ त्याच्यासाठी नाहीत. हँडी रायफलीतही एसबी-१ चौकट कमी दाबाची आणि एसबी-२ जास्त दाबाची. दुसऱ्या रायफलीची नळी आणून बसवण्याआधी चौकटीवरचा शिक्का वाचा.

आता पुंगळीची कड. ज्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते (.३०-३०, .४५-७०, .४४४ मार्लिन, युरोपातली ७×५७ आर आणि ९.३×७४ आर) ती एकबारीला सगळ्यात सोयीची. एक्स्ट्रॅक्टर रुंद कडेखाली घट्ट बसतो आणि निसटत नाही. .३०८ किंवा .२४३ सारख्या बिनकडेच्या पुंगळीला बुडाशी खाच असते. ब्रेक ॲक्शनमध्ये त्या खाचेत स्प्रिंगवरची छोटी चिप जाऊन बसते. चेंबर स्वच्छ आणि भरणी मध्यम असेल तर ती नीट काम करते, पण पुंगळी जरा चिकटली की चिप खाचेतून घसरते आणि पुंगळी आतच राहते. मग नळीच्या तोंडातून गज घालून ती बाहेर ठोकावी लागते, तेही शिकारीच्या मधोमध. फॉलिंग ब्लॉकचा एक्स्ट्रॅक्टर यापेक्षा दणकट असल्याने तिथे बिनकडेची पुंगळी कमी त्रास देते.

यावरून आमचं मत सरळ आहे. जंगलात शंभर-दीडशे यार्डांच्या आत पांढऱ्या शेपटीचं हरीण किंवा रानडुक्कर मारायचं असेल तर ब्रेक ॲक्शनमध्ये .३०-३० किंवा .४५-७० घ्यावी. उघड्या माळावर २५०-३०० यार्डांचा पल्ला हवा असेल तर फॉलिंग ब्लॉकमध्ये .२४३, .३०८ किंवा .३०-०६.

.३०-३० बद्दल एक गोष्ट एकबारीवाल्यांच्या फायद्याची आहे. लिव्हर रायफलीच्या नळकांडी मॅगझिनमध्ये एका काडतुसाचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकतं, म्हणून तिथे चपट्या नाकाची गोळी लागते. एकबारीत मॅगझिनच नाही, त्यामुळे टोकदार गोळी चालते आणि लांबवर वेग टिकतो. मात्र .३०८ इंच व्यासाची कुठलीही गोळी उचलून भरू नका. मॅग्नम (जास्त ताकदीच्या) काडतुसांच्या वेगासाठी बनवलेली जाड आवरणाची गोळी .३०-३० च्या वेगाला (१५० ग्रेनला सेकंदाला सुमारे २,३९० फूट, तेही नळीच्या तोंडाशी) उमलत नाही. ती आरपार जाते आणि जखमी जनावर लांब पळतं. १२५ ते १५० ग्रेनची, कमी वेगाला उमलणारी गोळी घ्या. नळीच्या आतल्या आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या पिळदार उंचवट्या-खाचांचा) पीळ बहुधा १२ इंचाला एक फेरा असतो, म्हणून लांबलचक जड गोळ्या स्थिर उडत नाहीत. तांब्याच्या गोळ्यांचंही तेच: तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. ती पुंगळीतली जागाही जास्त खाते आणि तिला पीळही जास्त लागतो. कॅलिफोर्नियात शिकार करायची असेल तर वजन एक पायरी कमी घ्या.

.४५-७० सरळ भिंतीची असल्याने ओहायोत चालते, आणि भरायला सोपी वाटते. पण सगळ्यात मोठे अपघातही तिच्याच नावावर होऊ शकतात. ही १८७३ ची. नावातले ७० म्हणजे ७० ग्रेन काळी दारू. त्या आकड्याचा आजच्या बिनधुराच्या पावडरशी काहीही संबंध नाही. तेवढ्या मापाने बिनधुराची पावडर भरली तर रायफल फुटते. दुसरं, भरणीच्या पुस्तकांत .४५-७० चे तीन वेगळे तक्ते असतात: जुन्या ट्रॅपडोर स्प्रिंगफील्डसाठी, मार्लिन १८९५ सारख्या लिव्हर रायफलींसाठी आणि रुगर नंबर वनसारख्या बळकट ॲक्शनसाठी. काडतूस उद्योगाची .४५-७० साठीची अधिकृत दाबमर्यादा २८,००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) आहे, कारण जुन्या रायफली अजून वापरात आहेत. नंबर वनच्या तक्त्यातली भरणी ट्रॅपडोरमध्ये गेली तर ब्रीच टिकणार नाही. घरात दोन .४५-७० असतील तर दोन्हींसाठी खालच्या तक्त्यातलीच भरणी ठेवा. हरणाला ती पुरून उरते, आणि सात पाउंडांच्या हलक्या रायफलीत खांदाही दुखत नाही.

भरणीचं सामान

सिंगल स्टेज प्रेस, कॅलिबरचा डाय संच (पुंगळी दाबून मापात आणणारे साचे) आणि शेल होल्डर (पुंगळीचं बूड धरणारा तुकडा), ०.१ ग्रेनपर्यंत मोजणारा तराजू आणि त्याची तपासणी वजनं, ०.००१ इंच मोजणारा कॅलिपर, पुंगळी कापायचं ट्रिमर, तोंडाची धार मारायचं चॅम्फर साधन, प्रायमर बसवायचं हातातलं साधन, फनेल, ५० भोकांची लाकडी किंवा प्लॅस्टिकची फळी, वंगण, चुकलेली गोळी काढायचा हातोडा. आणि होर्नाडी, लायमन किंवा हॉजडनचं चालू आवृत्तीचं भरणीचं पुस्तक. पावडरच्या वजनाचे आकडे इथे मुद्दाम दिलेले नाहीत. ते पुस्तकातूनच घ्यायचे, त्याच गोळीसाठी, त्याच प्रायमरसह.

टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. काम संपलं की मापकातली पावडर त्याच डब्यात परत. मापकात रात्रभर राहिलेली पावडर कुठली, हे सकाळी आठवणीवर सोडायचं नाही. शंका आली तर ती फेकून द्या. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि पुंगळ्या घासल्यावर उडणाऱ्या धुळीतही ते येतं, म्हणून काम करताना खाणंपिणं नाही, नंतर साबणाने हात धुवा, आणि मुलं खेळतात त्या खोलीत पुंगळ्या घासू नका.

पुंगळी

एकबारीच्या भरणीत अर्धं काम पुंगळीचं आहे. सुरुवातीला त्याच रायफलीतून एकदा झाडलेल्या, एकाच कंपनीच्या २० ते ५० पुंगळ्या घ्या. दुसऱ्याच्या रायफलीतून आलेल्या पुंगळ्या मोठ्या चेंबरात फुगलेल्या असू शकतात.

पहिल्यांदा प्रत्येक पुंगळी उजेडात फिरवून बघा. मानेला तडा असेल तर फेका. बुडापासून दोन ते तीन सूत वर चकाकती बारीक रेघ दिसली तर पेपरक्लिपचं टोक काटकोनात वाकवून आतून घासत न्या. टोक खाचेत अडकलं तर तिथली भिंत झिजली आहे आणि पुढच्या बाराला बूड तुटून वेगळं होईल. ती पुंगळी ठोकून चपटी करा, म्हणजे चुकून परत फळीवर येणार नाही.

ही झीज कशाने होते ते कळलं की निम्मी चूक टळते. कडेच्या पुंगळीत काडतूस कडेवर टेकून बसतं, खांद्यावर (अंग निमुळतं होऊन मान सुरू होते त्या उतारावर) नाही. चेंबर खांद्याशी सैल असेल तर पहिल्या बाराला पुंगळीचा खांदा पुढे फुगून चेंबरला चिकटतो. मग डायमध्ये तुम्ही तो खांदा परत पूर्ण मागे दाबता, पुढच्या बाराला तो पुन्हा पुढे जातो, आणि हे ताणणं दरवेळी बुडाजवळच्या भिंतीतून होतं. चार-पाच फेऱ्यांत .३०-३० ची पुंगळी अशाने तुटते. उपाय असा की खांदा फक्त दोन थाऊ, म्हणजे ०.००२ इंच, मागे न्यायचा. मग कडेची पुंगळीसुद्धा व्यवहारात खांद्यावर टेकते. बिनकडेच्या पुंगळीतही हाच नियम.

डाय लावताना झाडलेल्या पुंगळीच्या खांद्याची उंची कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारा जोड) लावून मोजा. डाय शेल होल्डरच्या किंचित वर ठेवून पुंगळी घाला, परत मोजा. डायची आटी एका इंचाला १४ असते, म्हणजे पूर्ण एक फेरा ०.०७१ इंच. दहा अंश फिरवलं की सुमारे ०.००२ इंच. थोडा थोडा खाली आणत खांदा झाडलेल्या मापापेक्षा ०.००२ ते ०.००३ इंच कमी झाला की लॉक रिंग आवळा. बोल्टवाले काही जण पुंगळीची फक्त मान आवळतात, बाकी अंग तसंच सोडतात. एकबारीत तसं करू नका. दोन-तीन बारांत पुंगळी चेंबरच्या मापाची होते आणि अंगठ्याने जात नाही.

खात्री चेंबरातच करा. रायफल रिकामी, टेबलावर एकही भरलेलं काडतूस नाही, हातात बिनप्रायमरची पुंगळी. नळी खाली झुकवून पुंगळी सोडली तर ती स्वतःच्या वजनाने आत पडून बसली पाहिजे, ब्रीच न अडखळता बंद झाली पाहिजे. अडखळत असेल तर खांद्यावर मार्करची शाई लावून परत घाला. जिथे शाई पुसली गेली तिथे अडतंय.

वंगण अंगाला पातळ लावा. खांद्यावर जास्त झालं तर तिथे पोचा पडतो, कमी झालं तर पुंगळी डायमध्ये अडकते. .४५-७० च्या सरळ पुंगळीलाही वंगण लागतंच. माप झाल्यावर लांबी बघा. .३०-३० ची कमाल २.०३९ इंच, .२४३ ची २.०४५, .३०८ ची २.०१५, .३०-०६ ची २.४९४, .४५-७० ची २.१०५. याहून लांब झाली तर ०.०१० इंच कमी करून कापा. लांब पुंगळीचं तोंड चेंबरच्या पुढच्या काठात चिमटलं जातं, गोळी सुटायला जागा मिळत नाही, आणि पावडर अगदी बरोबर असूनही दाब उसळतो. कापल्यावर आतून-बाहेरून धार मोडा.

प्रायमर, पावडर, गोळी

प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा ०.००३ ते ०.००५ इंच खाली बसला पाहिजे. बोट फिरवून प्रत्येक पुंगळी तपासा. फॉलिंग ब्लॉकमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण ठोकळा वर येताना पुंगळीच्या बुडावरून घासत जातो. वर राहिलेला प्रायमर त्याच्या वाटेत येतो. मग ब्रीच बंद होत नाही, आणि माणूस जोर लावायला लागतो. अशा वेळी जोर लावायचा नाही, काडतूस बाहेर काढायचं. प्रायमरची कंपनी बदलली किंवा साध्याऐवजी मॅग्नम (जास्त जोराचा) घेतला तर पावडर पुन्हा सुरुवातीच्या वजनापासून तपासा.

पावडरचं सुरुवातीचं वजन पुस्तकात दिलेलं असतं. नसेल तर कमालपेक्षा १० टक्के कमी. .३०-०६ सारख्या मोठ्या पुंगळीत अर्ध्या ग्रेनच्या पायऱ्यांनी वर जा, छोट्या पुंगळीत ०.३ ग्रेनने. फळीवरच्या सगळ्या पुंगळ्या भरून झाल्या की टॉर्च मारून एका नजरेत सगळ्यांची पातळी बघा. .४५-७० मध्ये कमी आकारमानाची पावडर पुंगळीत अर्ध्याच्याही खाली राहते, चुकून दोनदा पडली तरी वरून सांडत नाही. म्हणून तिथे पुंगळी निम्म्याहून जास्त भरणारी पावडर निवडा, म्हणजे दुप्पट भरणी डोळ्यांना दिसेल. अजिबात पावडर नसलेलं काडतूसही घातक आहे. प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि पुढचा बार त्याच्यावर जाऊन आदळतो. आवाज फुसका आला की थांबा, ब्रीच उघडून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा.

धक्का कमी करण्यासाठी मनाने पावडर घटवू नये. मंद जळणारी पावडर खूप कमी भरली तर ती अनियमित पेटते आणि दाब अचानक चढू शकतो. हॉजडनने एच४८९५ साठी कमालच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली जायची मुभा दिली आहे, ती फक्त त्या पावडरसाठी. मुलांसाठी किंवा हलक्या रायफलीसाठी हा मार्ग चांगला आहे.

मॅगझिन नसल्याने काडतुसाच्या एकूण लांबीला बंधन नाही, हे खरं. पण लोक याचा अतिरेक करतात आणि गोळी नळीच्या आट्यांना टेकवून बसवतात. त्याने दोन गोष्टी होतात. दाब वाढतो. आणि संध्याकाळी बार न काढता काडतूस बाहेर काढलं तर गोळी आट्यांत अडकून राहते, पुंगळी एकटी निघते, पावडर ॲक्शनमध्ये सांडते. शिकारीच्या काडतुसात आट्यांपासून किमान ०.०२० इंच अंतर ठेवा, तांब्याच्या गोळीला ०.०५० इंचापासून सुरुवात करा. पुंगळीच्या मानेत गोळीचा निदान एका व्यासाइतका भाग असला पाहिजे.

.४५-७० ला तोंड थोडं फाकवावं लागतं, गोळीचं बूड जेमतेम टेकेल एवढंच. जास्त फाकवलं तर काडतूस चेंबरात जात नाही आणि तोंड लवकर तडकतं. गोळी बसवल्यावर क्रिम्प डायने ते परत सरळ करा. ओतीव शिशाची गोळी नळीतल्या खाचांच्या व्यासापेक्षा ०.००१ इंच जाड हवी. बारीक असेल तर शिसं आट्यांत माखतं.

चाचणी

१०० यार्डांवर प्रत्येक वजनाची तीन काडतुसं, खालच्या वजनापासून. प्रत्येक बारानंतर पुंगळी बघा: प्रायमर पसरून कडा भरल्या आहेत का, प्रायमरवरच्या पिनेच्या खड्ड्याभोवती उंचवटा आला आहे का. एकबारीत सगळ्यात लवकर बोलणारी खूण म्हणजे लिव्हर किंवा नळी उघडताना लागणारा जोर. तीन बारांपूर्वी बोटाने निघणारी पुंगळी आता चिकटू लागली तर दोन पायऱ्या खाली या, प्रायमर कितीही ठीक दिसला तरी. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) पुस्तकातल्या कमाल वेगापेक्षा जास्त दाखवत असेल तर दाबही जास्त आहे, मग वजन काहीही असो. हिवाळ्यात पक्की केलेली भरणी उन्हाळ्यात गरम पडू शकते, म्हणून कमालच्या एक पायरी खालीच थांबणं बरं. उलट, ब्रेक ॲक्शनमध्ये फार हलक्या भरणीला प्रायमर थोडा मागे आलेला दिसला तर तो बहुधा कमी दाबाचा परिणाम असतो.

नळी पातळ असते आणि तापली की निशाण सरकतं. बारांमध्ये तीन ते पाच मिनिटं जाऊ द्या. रायफलीचा पुढचा लाकडी भाग वाळूच्या पिशवीवर दरवेळी एकाच जागी टेकवा. ब्रेक ॲक्शनमध्ये ॲक्शनच्या जवळ टेकवलेलं बरं, कारण लाकूड नळीलाच जोडलेलं असतं आणि पुढे दिलेला दाब थेट नळी वाकवतो.

पक्क्या झालेल्या भरणीच्या डब्यावर लिहायचं: कोणती रायफल, गोळीचं वजन आणि कंपनी, पावडर आणि तिचं वजन, प्रायमर, पुंगळी कितव्यांदा भरली, एकूण लांबी, तारीख. शिकारीला निघण्याआधी त्या डब्यातलं प्रत्येक काडतूस एकदा चेंबरात घालून बाहेर काढा, रेंजवर, नळी मातीच्या बांधाकडे करून, बोट चापापासून लांब ठेवून. जे अडखळलं ते घरी ठेवा.